वाघाची मालकी

आमच्याकडे पोटातलं बाळ कसं निपजणार, हे घरातल्या कुणाला तरी आधी स्वप्नात दिसतं. त्या वर्षी घरात गरोदर बाया दोन होत्या, मी आणि माझी धाकटी जाऊ युनजू, आणि सासूबाईंच्या स्वप्नात वाघ आला एकच. अंगणातल्या रांजणांपाशी येऊन ऐटीत बसला म्हणे.

सासूबाईंनी फार विचार केला नाही. "वाघ युनजूचाच. थोरलीचं बाळ तर गोळ्यांवर वाढतंय!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षं वाट पाहून मला दिवस गेले होते. त्यात रक्तदाब वाढला, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, चुकवल्या तर तुझ्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. मी त्या घ्यायचे, पण चोरी केल्यासारख्या. आणि ही युनजू, लग्नाला वर्ष होत नाही तोच पोट पुढे काढून अंगणात मिरवत होती. गाल लालबुंद, तोंडात गोळीचं नाव नाही. मला तिचं चालणंसुद्धा बघवत नसे.

थंडीची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस आला. गल्लीतल्या बायका अंगणात जमल्या, कोबीचे खारवलेले गड्डे निथळत होते. सासूबाईंनी पहिलं पान मसाल्यात माखलं, त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा गुंडाळला आणि थेट युनजूच्या तोंडात भरवला. "खा गं, वाघाची आई!" बायका हसल्या. मीही हसले, दात दाखवण्यापुरती.

थोड्या वेळाने ती उठून आत गेली. मला वाटलं, झाले नखरे सुरू. मीठ आणायच्या निमित्ताने मी मागोमाग गेले. ती डोकं धरून भिंतीला टेकली होती. बोटं इतकी सुजलेली की रबरी हातमोजा निघत नव्हता.

"काय गं, वाघ जड झाला वाटतं?"

"जाऊबाई, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. असं झालं तर क्षणभर थांबू नकोस, हे डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी माझं यंत्र आणून तिच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे बहात्तर. माझाही कधी इतका गेला नव्हता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं.

"तुला गोळ्या नाही दिल्या?"

"दिल्यात की. तुमच्यासारख्याच." ती रडायला लागली. "रजईच्या घडीत लपवल्यात. घेतल्या असत्या तर आईंनी वाघ तुम्हाला दिला असता. तुमचं बरंय, मोठे भाऊजी रोज सकाळी स्वतः पट्टा बांधतात. माझा नवरा सहा महिने जहाजावर. माझ्याकडे काय आहे? एक वाघ!"

म्हणजे ही माझ्यावर जळत होती! माझ्यावर!

"ऊठ, दवाखान्यात चल."

"नाही येणार. आईंना कळेल."

तिने दाराची चौकट घट्ट धरली. ओढून नेण्यासारखी तिची अवस्था नव्हती. मग मला सुचलं. आमच्याकडे स्वप्न विकता येतं. बदल्यात वस्तू हाती पडली की स्वप्नाचा मालक बदलला, मग थोरामोठ्यांचंही काही चालत नाही. मी गळ्यातला लोकरी मफलर काढला. नवऱ्याने घेतलेला, तांबडा. ती त्याच्याकडे कशी बघायची, मला ठाऊक होतं.

"हा घे आणि वाघ मला वीक."

"जाऊबाई..."

"वीक म्हणते ना! मग तुझ्या बाळाला गोळ्यांशिवाय कुणी वाली नाही. मुकाट्याने घेशील."

तिने मफलर छातीशी धरला. "विकला."

मी नवऱ्याला गाडी काढायला ओरडून सांगितलं. सासूबाई कोपरापर्यंत तिखटाने माखलेल्या, तशाच धावत आल्या. "काय झालं?"

"वाघ मी विकत घेतला, आई. आणि हिला दवाखान्यात नेतोय. वाटेतून बाजूला व्हा."

दवाखान्यात सुई लावली, औषधाने दाब उतरला. पुढे तिने एकही गोळी चुकवली नाही. मुलगी जरा लवकर झाली, काचेच्या पेटीत राहिली, पण घरी आली.

आता ती पोर अशी डरकाळी फोडते की गल्ली जागी होते. माझा वाघ दूध पितो आणि मांजरासारखा झोपतो. आणि मफलर युनजूला माझ्यापेक्षा शोभतो, हे तर मला अजून सोसवत नाही.

काल ती तो घडी घालून घेऊन आली. "जाऊबाई, वाघ परत द्याल?"

"गोळी घेतलीस आज?"

"अजून चालूच आहे. घेतली."

"उद्याचं काय?"

ती मफलरची घडी उगाच उलगडून पुन्हा घालू लागली. मी मफलर तिच्याच गळ्यात गुंडाळला. "मग वाघ माझ्याचकडे राहू दे."