गल्लीतलं एकुलतं एक मत

माझा नवरा निवडणुकीला उभा राहिला तो शेजारच्या सुवर्णाच्या सासूबाईंमुळे. गेल्या जानेवारीत त्यांचं परतीचं विमान होतं. बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या आणि नेमका त्याच पहाटे आमच्या हेरॉन लेनवर गुडघाभर बर्फ पडला. टाउनशिपचा बर्फ काढणारा ट्रक नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी आला, वळला आणि निघून गेला. गाडी गॅरेजबाहेर निघेना. विमान चुकलं. पुढचं परवडणारं तिकीट मिळेपर्यंत सासूबाई आणखी दीड महिना राहिल्या आणि तेवढ्या वेळात त्यांनी सुवर्णाच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे स्वतःच्या पद्धतीने लावून टाकले. तेव्हापासून सुवर्णा राजकारणात पडली.

आम्ही राहतो ते पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावापासून पाऊण तासावर. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आणि मध्ये आमची नऊ घरं, त्यातली सात मराठी. ट्रक आत येत नाही, कारण रस्ता टाउनशिपचा नाही. बिल्डर घरं विकून फ्लोरिडाला गेला आणि रस्ता टाउनशिपला देण्याचं तेवढं विसरला. त्याने लावलेली ‘प्रायव्हेट रोड’ ही पाटी मात्र आम्हाला इतकी आवडली, की ती फिकी पडल्यावर सुवर्णाने ती रंगवून घेतली आणि दिवाळीत तिच्यावर दिव्यांच्या माळा सोडल्या. भारतात फोटो पाठवायला बरी दिसते.

रस्त्यासाठी आम्ही टाउनशिपला ई-मेल पाठवल्या. शैलेंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, स्लाइड बनवून पाठवल्या. त्यातल्या एका स्लाइडवर नायगाराचा फोटो का होता, हे मला अजून कळलेलं नाही. कशालाच उत्तर आलं नाही.

टाउनशिप म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा. तीन सुपरवायझर असतात, ते रस्ते, नाले, बर्फ बघतात. त्यातली एक जागा डेल होस्टेटलर नावाच्या गाईवाल्याकडे वीस वर्षं होती, दर वेळी बिनविरोध. यंदा त्याच्या जागेची निवडणूक आली तेव्हा सुवर्णा म्हणाली, “शैलेंद्र, तू उभा राहा. तूच करू शकतोस यार.” आमच्या शैलेंद्रला उभं राहायला कारण लागत नाही, खुर्ची लागते. मराठी मंडळाचा तो चार वर्षं अध्यक्ष आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही आणि तो उतरायला तयार नाही.

पहिली सभा आमच्या बेसमेंटमध्ये झाली. समोसे होते, त्यामुळे उपस्थिती चांगली होती.

“आपली सात घरं,” शैलेंद्र म्हणाला, “म्हणजे चौदा मतं तर खिशातच आहेत.”

“फुल सपोर्ट, बॉस,” सुवर्णाचा नवरा सिद्धेश म्हणाला. “आपण सगळे एकगठ्ठा टाकू.”

आमची इला चौदा वर्षांची आहे. ती जिन्यावर बसून समोसा खात होती. तिने विचारलं, “बाबा, हू हिअर इज अ सिटिझन?”

सगळ्यांनी एकदम चटणीकडे हात नेले. आमच्या लोकांत एकमेकांचा पगार विचारतात, वजन विचारतात, मूल का नाही तेही विचारतात. पण इथे कोण कोणत्या रांगेत कुठे अडकलंय हा विषय शक्यतो टाळतात. सिद्धेशचं ग्रीन कार्ड बारा वर्षं ‘येतंय’. बाकीच्यांचंही तेच. माझं कार्ड आलंय, पण नागरिकत्वाला अजून वर्ष आहे. मतदार निघाला फक्त शैलेंद्र. गल्लीतली सगळी पोरं जन्माने नागरिक आहेत, पण त्यांच्यात सर्वांत मोठी इलाच.

“दॅट्स वन व्होट,” इला म्हणाली आणि दुसरा समोसा घ्यायला उठली.

तेवढ्यात सिद्धेशला आठवण झाली. “अरे, अरुणकाका आहेत ना. ते तर कधीचे सिटिझन झालेत.”

हे ऐकून शैलेंद्रचा चेहरा कारल्याची भाजी वाढल्यासारखा झाला. त्याचं कारण सांगते.

अरुणकाका सत्तरच्या दशकात इथे शिकायला आले, मग कृषी महाविद्यालयात दूध काढण्याची यंत्रं शिकवू लागले आणि रिटायर झाल्यावर मोठ्या रस्त्यावरच्या एका जुन्या फार्महाऊसमध्ये राहिले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. त्यांनी या भागातल्या मराठी माणसांवर एक पोवाडा रचला आहे. बसमधून ट्रंक घेऊन उतरलेल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून तो सुरू होतो. कुठे संपतो हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण गेल्या वर्षीच्या गणपतीत काका फेटा बांधून तो गायला उभे राहिले आणि सत्तरच्या दशकातल्या पेट्रोलच्या टंचाईपर्यंत पोचले, तेव्हा मसालेभात गार होत आला होता. शैलेंद्रने सिद्धेशला खूण केली आणि सिद्धेशने माईक बंद केला. काकांनी अर्धी ओळ तशीच म्हटली. मग फेटा काढला, त्याची घडी घातली आणि न जेवता निघून गेले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. त्या दिवशी मला शैलेंद्रची लाज वाटली होती, आणि मी ते त्याला सांगितलंही होतं. त्यावर तो म्हणाला होता, “टाइम मॅनेजमेंट नावाची काही गोष्ट असते, वसुधा.”

आता ते मॅनेजमेंट अंगाशी आलं होतं.

प्रचार मात्र आम्ही दणक्यात केला. ज्यांना मत नव्हतं ते सगळे राबले. दिवाळी जवळ होती, म्हणून सुवर्णाने घरोघरी चकल्या वाटल्या. एका शेतकऱ्याने चकली दाराला टांगायची वस्तू समजून खरोखर टांगली. विद्यापीठात नोकरी करणारी नवी गोरी जोडपी आमच्या बाजूला वळली, कारण त्यांच्याही रस्त्यांची बोंब होती. लढत अटीतटीची होणार असं सगळे म्हणू लागले, तसा शैलेंद्र रात्री झोपेत भाषण करू लागला. शेवटी मीच म्हटलं, “एकेक मत मोजायची वेळ आहे. चल काकांकडे.”

शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आम्ही गेलो. काकांनी दार उघडलं, डबा घेतला, बसा म्हणाले. शैलेंद्रने रस्ता, बर्फ, विकास असं सगळं सांगितलं. काका ऐकत राहिले. मग मी म्हटलं, “काका, तुमचा पोवाडा अर्धाच राहिला होता. आज पूर्ण ऐकवा ना.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन ते फेटा बांधून आले आणि पहिल्यापासून गायला लागले.

खरं सांगायचं तर पोवाडा काही फार ग्रेट नाही. यमकं जुळवताना काकांनी पेन्सिल्व्हेनियाच्या भूगोलाशी बरीच झटापट केली आहे. पण ऐंशीच्या घरातला माणूस एकटा उभा राहून, हात वर करून, जवळजवळ रिकाम्या खोलीत गातो आहे हे बघून मी माझा फोन बंद करून पर्समध्ये टाकला. शेजारी शैलेंद्रचं घड्याळ सारखं उजळत होतं. प्रचाराचे मेसेज येत होते आणि तो प्रत्येक मेसेज बघत होता. काका पेट्रोलच्या टंचाईला आले, श्वास घ्यायला थांबले आणि शैलेंद्रने कडाडून टाळ्या वाजवल्या.

“वा, काका. काय शेवट केलात,” तो म्हणाला.

काकांचा वर केलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, फेटा सोडला आणि त्याची घडी घातली.

“चहा टाकतो,” ते म्हणाले.

गाडीत मी म्हटलं, “अरे, तो संपला नव्हता.”

“टाळ्या वाजवल्या की संपतो,” शैलेंद्र म्हणाला. “मत पक्कं झालं. चहा दिला म्हणजे काय?”

मतदान अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं. तिथल्या बायका दारात ॲपल पाय विकत होत्या आणि त्यांच्या समोर रस्त्यापलीकडे सुवर्णा थर्मासमधला आल्याचा चहा फुकट वाटत होती. दुपारी डेल होस्टेटलरचा पिकअप आला आणि त्यातून अरुणकाका उतरले. मोतीबिंदूनंतर ते गाडी चालवत नाहीत. डेलने त्यांना हात धरून पायऱ्या चढवल्या.

“गाडी डेलची, मत आपलं,” शैलेंद्र माझ्या कानात म्हणाला आणि खूश झाला.

निकाल लागला तेव्हा डेलला एकशे त्रेचाळीस मतं होती आणि शैलेंद्रला एकशे बेचाळीस. शैलेंद्र सोफ्यावर बसून राहिला. सुवर्णाला रडू आलं, कारण सासूबाईंनी यंदाही परतीचं तिकीट जानेवारीतलंच काढलं होतं. इला म्हणाली, “इट्स ॲक्च्युअली अ ग्रेट रिझल्ट, बाबा,” आणि ती खरंच मनापासून बोलत होती, पण तिच्या बापाला ते ऐकू गेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच काकांकडे गेले. मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही.

“काका, मत कुणाला दिलंत?”

“डेलला,” काका म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

“आपला माणूस उभा असताना?”

“बस, सांगतो.” त्यांनी आमचाच शंकरपाळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. “गणपतीला माईक बंद केलात, त्या दिवशी सिद्धेशनेच मला घरी सोडलं. काहीतरी बडबडत होता बिचारा. घरात जाववेना, म्हणून मी पुन्हा फेटा बांधला आणि चालत डेलच्या गोठ्यात गेलो. तो दूध काढत होता. डोक्याला काय बांधलंय, विचारलं त्याने. मी सांगितलं, असं असं गाणं आहे, अर्धं राहिलं. तो म्हणाला, मग पूर्ण करा की. मी म्हटलं, तुझं मशीन चालू आहे, ऐकू कसं येणार? तर त्याने मशीन बंद केलं.”

“दूध काढता काढता?”

“निम्म्या गाई राहिल्या होत्या. हंबरत होत्या. मी आयुष्यभर पोरांना शिकवलंय, दूध काढायची वेळ चुकवायची नसते. डेलला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी तो बादली उपडी घालून बसला आणि शेवटापर्यंत ऐकलं. शेवटच्या कडव्यात तुझी काकू येते, वसुधा. त्याला शब्द एक कळला नाही, पण तिथे त्याने टोपी काढली.”

काकू शेवटी येतात हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. जे उरलं ते मला मुळीच आवडलं नाही.

“आणि आमच्या रस्त्याचं काय आता?” मी विचारलं.

“डेलशी कधी बोललात त्याबद्दल?”

“ई-मेल पाठवल्या ना. स्लाइड पाठवल्या.”

“तो संगणकाला हात लावत नाही. गोठा इथून मैलभर आहे. नऊ घरांपैकी एक माणूस कधी गेला तिकडे?” काका म्हणाले. “त्याला वाटतं तुम्हाला कुणी आत आलेलं आवडत नाही. एवढी रंगवून, दिवे लावून पाटी लावली आहे तुम्ही. मी बोलतो त्याच्याशी. पण पाटीचं तुमचं तुम्ही बघा.”

घरी येऊन मी शैलेंद्रला सगळं सांगितलं. तो आधी चिडला. “पोवाड्यासाठी? एका पोवाड्यासाठी माझी सीट घालवली?” मी गाईंचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. मग तो गप्प झाला. बराच वेळ गप्प बसणं हे त्याच्या तब्येतीला मानवत नाही, म्हणून मी दोनदा डोकावून आले. संध्याकाळी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर पडला आणि येताना काखेत पाटी होती, माळांसकट. ती आता गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी आहे. सुवर्णाला अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. रस्ता टाउनशिपच्या नावावर व्हायला वसंत उजाडेल असं समजलं होतं, त्यामुळे शैलेंद्र सकाळीच फावडं घेऊन बाहेर पडला. मी चहा घेऊन त्याच्या मागे गेले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज आला. डेलचा स्वतःचा ट्रॅक्टर होता, पुढे बर्फ लोटायचं पातं लावलेलं. तो तोंडाशी वळला नाही. सरळ आत आला, एकेका घरासमोरचा रस्ता मोकळा करत.

आमच्या घरासमोर तो थांबला आणि इंजिन बंद झालं. मला वाटलं, बिघडला. मग काचेची केबिन उघडली आणि आतून काकांचा आवाज आला. डेलच्या शेजारच्या छोट्या सीटवर ते फेटा बांधून, ब्लँकेट पांघरून बसले होते आणि पोवाडा पेट्रोलच्या टंचाईला पोचला होता. डेल दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होता. मागची पाच घरं अजून बर्फात होती.

काका श्वास घ्यायला थांबले. शैलेंद्रने फावडं बर्फात रोवलं. त्याचं घड्याळ उजळलं, तसं त्याने ते हातातून काढून माझ्याकडे दिलं.

काकांनी केबिनमधून त्याच्याकडे पाहिलं.

“टाळ्या वाजवू नकोस,” ते म्हणाले. “अजून बरंच आहे.”

“असू दे, काका,” शैलेंद्र म्हणाला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.