खेचरपायरीवर व्हर्ला

स्टिअरिंग धरताना अंगठे बाहेर ठेवायचे, आत अडकवायचे नाहीत, हे ड्वेनने अख्ख्या जीप क्लबला घसा कोरडा होईस्तोवर शिकवलं होतं. आणि त्या दुपारी नेमका त्याचाच उजवा अंगठा आत होता. पुढचं चाक दगडावर आपटलं, स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि मधल्या दांडीने अंगठा मोडला. आता तो वांग्यासारखा सुजून निळा पडला होता.

"क्लबात बोलू नकोस," ड्वेन म्हणाला.

"बोलते कशाला? पत्रकच छापते," त्याची बायको व्हर्ला म्हणाली आणि जेवणाच्या टोपलीतलं फडकं त्याच्या हाताला घट्ट गुंडाळू लागली.

थट्टा केली खरी, पण तिची नजर पुढच्या वाटेवर होती. कारण समोर खेचरपायरी होती. लाल खडकाचा तो उतार जेमतेम एका जीपएवढा रुंद. उजवीकडे भिंत, डावीकडे दरी. उतार संपला की कोरडा ओढा, आणि ओढ्यापलीकडे घराची वाट. मागे वळायला जागा नव्हती, फोनला रेंज नव्हती, आणि पठारावर ढग काळे होत चालले होते. तिकडे पाऊस पडला की इकडे ओढा दुथडी भरतो. मग बसा वर अडकून, मोडक्या हातानिशी.

"एका हाताने नेतो मी," ड्वेन म्हणाला.

"आणि गिअर काय दातांनी टाकणार? उतर खाली."

लग्न झाल्यापासून या पायरीवर गाडी ड्वेन चालवायचा आणि व्हर्ला पुढे उलट्या पावलांनी चालत त्याला हातांनी वाट दाखवायची. ड्रायव्हरला चाकाखालचं दिसत नाही; त्याने फक्त समोरच्याचे हात बघायचे. ड्वेन तर मजेत शिट्टी वाजवत उतरायचा. त्या शिट्टीचा व्हर्लाला मनापासून राग यायचा.

आज जागा बदलल्या. तिने सीट पुढे ओढली, पट्टा बांधला, अंगठे बाहेर ठेवले आणि सगळ्यात खालचा गिअर टाकला. ब्रेकवरचा पाय काढला. इंजिनाने गाडी धरली आणि जीप इंच इंच उतरू लागली. डाव्या खिडकीतून बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं. खाली जुनिपरची झाडं कोथिंबिरीच्या काड्यांएवढी दिसत होती. तिचे तळहात घामाने निसटायला लागले.

ड्वेन समोर उभा होता. डावा हात वर, फडक्यातला उजवा छातीशी. पण व्हर्लाला हातांआधी त्याचा चेहराच दिसला. ओठ पांढरे, डोळे विस्फारलेले, जणू जीप पडलीच आहे आणि आता फक्त आवाज यायचा बाकी आहे.

त्याने भिंतीकडे खूण केली. तिने स्टिअरिंग भिंतीकडे वळवलं. त्याने पुन्हा तीच खूण केली, तिने आणखी वळवलं. आणि उजवं चाक भिंतीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यावर चढू लागलं. गाडी डावीकडे, दरीवर कलली. टोपलीतली पीचची बरणी घरंगळत येऊन दारावर आदळली.

व्हर्लाने ब्रेक दाबून धरला.

"ड्वेन," ती शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाली, "मला कुठे बोलावतोयस?"

"भिंतीकडे. कडेपासून लांब."

"इथे भिंतीला चिकटली की गाडी उलटते. क्लबात कोण सांगतं हे?"

त्यालाही ते ठाऊक होतं. वाट कडेच्या अंगाने होती, चाकाबाहेर वीतभर खडक सोडून. पण बायकोला दरीकडे बोलवायला त्याचा हातच उठत नव्हता.

"मी तुला दर वेळी कडेलाच बोलवायची," व्हर्ला म्हणाली.

"तू बोलवायचीस. मला नाही जमत, व्हर्ला."

"जमेल. आधी तो गळ्यातला रुमाल नाकावर ओढ आणि टोपी खाली घे. तुझं तोंड बघून माझे हातपाय गळतात. मला फक्त तुझा हात हवाय."

त्याने एका हाताने, दात लावून, रुमाल वर ओढला. आता तो बँक लुटायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. एरवी ती हसली असती. तिने रिव्हर्स टाकला आणि चाक फुगवट्यावरून अलगद मागे उतरवलं. खालचे खडे सुटले आणि दरीत गेले. ते पडल्याचा आवाज काही आला नाही.

मग ड्वेनचा हात उठला. कडेकडे. खूण स्वच्छ होती. ये. अजून ये. थोडी अजून. व्हर्ला दरी बघत नव्हती, भिंत बघत नव्हती, ढग बघत नव्हती. त्या हातामागे ती जात राहिली. पुढचं चाक उताराच्या शेवटच्या खडकाच्या पायरीवरून धपकन उतरलं. मागचंही उतरलं. चाकांखाली वाळू आली. ओढा अजून कोरडा होता. तो ओलांडून पलीकडच्या चढावर आल्यावरच तिने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

ड्वेन मागून चालत आला आणि खिडकीशी उभा राहिला. रुमाल अजून नाकावरच होता. डोळ्यांखाली तो ओला झाला होता.

"तुला दर वेळी असंच व्हायचं?" त्याने विचारलं.

"दर वेळी."

"तुझ्या तोंडावर कधी काही दिसलं नाही."

"दिसू दिलं असतं तर तू उतरला असतास का?" व्हर्लाने त्याच्यासाठी पलीकडचं दार उघडलं. "म्हणून तर तू शिट्टी वाजवत यायचास."