पुढच्या डाव्या चाकातले अप्पा

सकाळी नऊ वाजता गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. माणसं चपला फाटकाबाहेर काढून एका जुन्या पांढऱ्या मोटारीपुढे रांग लावून उभी होती. मोटारीत अप्पा होते. म्हणजे अप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पण चाकमहाराज नावाच्या एका बुवांच्या म्हणण्यानुसार त्यांचा मुक्काम पुढच्या डाव्या चाकात होता.

सुरुवात अप्पांच्या पत्नीपासून, म्हणजे घरातल्या सुनेच्या सासूबाईंपासून झाली. अप्पा तीस वर्षं शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांचा आवाज इतका चिरका की 'चूक' म्हणाले की मागचा बाक दचकायचा. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलाने फाटकाशी ब्रेक दाबला, गाडी 'चीं' करून थांबली आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी हेच," त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ जास्त पडलं की असेच ओरडायचे." झालं, त्या दिवसापासून गाडी गॅरेजला पाठवणं बंद. अप्पांना पाना कसा लावायचा?

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. शिलाई मशीनं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. दिवसाला दहा मशीनं तिच्यापुढे कुरकुरायची, किंचाळायची. त्यांतल्या एकातही तिला कुणाचा सासरा सापडला नव्हता. "अहो, चाक खोलून बघू या," ती नवऱ्याला म्हणाली. "आईला वाईट वाटेल," असं म्हणून नवऱ्याने पेपरात डोकं खुपसलं. तोवर बातमी चाकमहाराजांपर्यंत पोचली आणि ते शिष्यासकट हजर झाले.

"आत्मा फिरतो, चाकही फिरतं," महाराज म्हणाले. "याहून मोठा पुरावा कोणता?" गर्दीला दुसरा सुचला नाही. मग रोज शिष्य गाडी चालवायचा, लोक प्रश्न विचारायचे. चीं म्हणजे हो, गप्प म्हणजे नाही. एका शिंप्याने तर आपल्या दाढदुखीवरही अप्पांचा सल्ला घेतला.

आज मात्र महाराजांनी कळसच केला. "अप्पांना आता सुटका हवी आहे. पुढच्या दोन्ही चाकांना तेलाचं स्नान घालू. पत्नीने पुढे बसायचं आणि गाडी गल्लीपुढचा हा उतार उतरून थेट तळ्याकाठी न्यायची. तिथे ते निरोप घेतील."

उतार म्हणजे कसला, घसरगुंडीच. सायकलवालेसुद्धा तिथे खाली उतरून चालायचे. तेलाचं नाव ऐकलं आणि सून पुढे सरसावली. ब्रेकला तेल लागलं तर गाडी तळ्याकाठी नाही, तळ्यात थांबणार, आणि आत सासूबाई असणार.

"त्याआधी मला अप्पांना काही विचारायचंय," ती म्हणाली. "पण गाडी मी चालवणार."

सून म्हटल्यावर तिला नाही कोण म्हणणार? शिष्य नाइलाजाने उतरला. तिने गाडी सपाट गल्लीतून हळू पुढे घेतली. "अप्पा, दोन आणि दोन पाच ना?"

चीं.

गर्दी चुळबुळली. अप्पांचे जुने विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले.

"हे महाराज थापाडे आहेत का?"

चीं.

"आईंवर तुमचं प्रेम होतं ना?"

गाडी गपकन थांबली. आवाज नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला तशी सून घाईघाईने खाली आली आणि तिने त्यांचा हात धरला. "आई, तो माझा पाय होता. ब्रेक हलका दाबला की किंचाळतो, जोरात दाबला की गप्प बसतो. इतके दिवस हा शिष्य पायाने उत्तरं देत होता."

"सुनेमुळे अप्पा बिथरले," महाराजांनी बाजू सावरली आणि तेलाचा डबा चाकांच्या जाळीतून आत रिकामा केला. शिष्याला पुन्हा बसवून त्यांनी गाडी दहा पावलं पुढे घ्यायला लावली. चीं झालं नाही. गाडी मात्र ठरल्या जागी न थांबता शेजारच्यांच्या कुंडीला जाऊन टेकली. तिने नमस्कार केला, असं लोक म्हणाले आणि टाळ्या पडल्या. शिष्य मात्र घाम पुसत उतरला.

"चला, मातोश्री, बसा."

सासूबाईंनी एक पाय आत टाकला. सून दारात आडवी उभी राहिली. "महाराज, आधी तुम्ही खाली जाऊन या."

"आम्ही पायी हिंडणारी माणसं."

"मग शिष्याला पाठवा."

शिष्याने किल्ली काढून महाराजांच्या हातावर ठेवली. "महाराज, बाकी काय वाटेल ते सांगा. तेल लागलेल्या ब्रेकवर मी हा उतार उतरणार नाही. घरी बायको आहे माझी."

सासूबाईंनी आत टाकलेला पाय हळूच बाहेर घेतला.

सुनेने मागच्या चाकांना दगड लावले, नट सैल केले, जॅक लावून पुढचं डावं चाक उतरवलं आणि आतला ब्रेकपॅड, म्हणजे चाकामागची चकती दाबून गाडी थांबवणारा तुकडा, काढून सासूबाईंच्या हातात दिला. बोटाएवढा जाड असायचा तो झिजून नाण्याएवढा उरला होता. त्याच्या कडेला पोलादाची इवलीशी पट्टी होती. "ही मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजला की ती फिरत्या चकतीला घासते आणि ओरडते, म्हणजे आपल्याला कळावं. चार महिने ती सांगत होती की पॅड बदला, आणि आपण तिला हात जोडत होतो."

महाराज कुठे गेले ते कुणी पाहिलं नाही. त्यांच्या चपला तेवढ्या फाटकाबाहेर राहिल्या.

दुपारपर्यंत तेल पुसलं गेलं, नवे पॅड बसले. पेडल घट्ट लागेपर्यंत सुनेने ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. संध्याकाळी सासूबाईंना घेऊन ती उतार उतरली आणि तळ्याकाठी गाडी अलगद थांबली.

"आवाज येत नाही गं आता," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आई, मला वाईट वाटतंय."

"वाटून घेऊ नकोस. ते असते तर चार महिने ब्रेक बघितला नाही म्हणून मला चांगलं झापलं असतं." आणि त्या रडता रडता हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण धावत आली. तिच्या न्हाणीघराच्या नळातून कण्हण्याचा आवाज येत होता, आणि तो हुबेहूब तिच्या गेलेल्या सासूचा होता.

सासूबाईंनी सुनेच्या पेटीतला पाना उचलला. "चल, आधी नळ खोलून बघू," त्या म्हणाल्या. "आत सासू निघाली, तर मग हात जोडू."