लसणाच्या साली

अर्धांगवायूतून मी उठले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांना हलकं काम द्या." झालं! दारावर अजून 'मीनाबाईंची खानावळ' अशी पाटी आहे, पण मीनाबाईची किंमत लसूण सोलण्यापुरती उरली. माझा मुलगा आदर्श, त्यानं चुलीवर आचारी ठेवला आणि मला कोपऱ्यात पाटावर बसवलं.

लसूण सोलताना डोकं जागेवर राहतच नाही. हात चालतात आणि मन सगळा बाजार हिंडून येतं. परवा पाकळ्या कचऱ्यात टाकल्या, साली पातेल्यात. आदर्शनं ते पातेलं गिऱ्हाइकांसमोर नाचवलं.

"लसूण सोलाय जमंना, आन् म्हनं चुलीवर उभं ऱ्हायचंय! आता चुलीचं नाव काढायचं न्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच चुलीवर याला वाढवला मी. तीच काढून घेतली तर मी नुसती बसून मरायची का?

रविवारी आचारी आलाच नाही. कागलची गिऱ्हाइकं ताटावर येऊन बसलेली आणि आदर्श फोन लावत सुटलेला. मी लसणाची बुट्टी बाजूला सारली आणि पदर खोचला.

एका शेगडीवर तांबडा रस्सा, दुसरीवर पांढरा. तांबड्याची पळी पांढऱ्यात गेली की खेळ खल्लास. पांढऱ्याला जोराची उकळी आली की तो फुटलाच. हात सवयीनं जवळच्या पळीकडे जायचा, मी तो दर वेळी आवरून धरायची. उजवा अजून जड, म्हणून डाव्यानं ढवळत होते. घामानं पोलकं भिजलं. पण मन कुठे गेलं नाही, त्याला जायला फुरसतच नव्हती.

गिऱ्हाइकं जेवून गेली तसा आदर्श आत आला.

"आई, मागनं किती हाका मारल्या! वळून बगितलंसुदिक न्हाईस. उद्या परत डाक्टरकडं जाऊया."

माझं डोकंच फिरलं.

"दोन पातेली सांभाळू का तुज्या हाका ऐकू? सगळं डोकं हितं लावलंवतं मी! पांढरा चाख आदी!"

त्यानं वाटी भरली, तांबडा तवंग दिसतोय का ते उजेडात धरून पाहिलं. मग उभ्या उभ्या सगळी वाटी प्याला. माझ्या पाटावर बसला आणि लसणाची बुट्टी पुढे ओढली.

माझा राग काही उतरला नव्हता.

"साली कचऱ्यात टाक," मी ओरडले, "न्हायतर उद्या डाक्टरकडं तुलाच न्ह्यावं लागंल!"