अकरा वर्षांचा खुलासा

त्या पत्राला शंकरप्पा सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘बावीस वर्षांत मुलींच्या बास्केटबॉल संघाने एकही चषक का आणला नाही, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा,’ असं संस्थेच्या सचिवांनी विचारलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. आज कॉलेजच्या ऑफिसात चारुशीला मॅडमनी फाईल उघडली, तर वर तेच पत्र, पिवळं पडलेलं.

“सर, तुमचा खुलासाच नाही इथं. तुम्हाला काही म्हणायचं नाही, असं धरलंय त्यांनी,” त्या हळूच म्हणाल्या. “सोमवारी मैदानावरचा बास्केटचा खांब काढणार. पार्किंग करायचंय.”

सर महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या वेळी सात खर्डे लिहिले आणि सातही फाडले. दर वेळी वाटे, विचारतात त्यात खोटं काय आहे?

लोहाऱ्याचं ते मैदान मुरमाचं. चेंडू आपटला की खड्यावर पडून भलतीकडेच पळे. सरांनी मग मुलींना चेंडू आपटायला शिकवलंच नाही. पकडायचा, बघायचा, द्यायचा. शहरातल्या गुळगुळीत मैदानांवरही त्या तशाच खेळत. ‘पोरींच्या हातात गरम भाकरी हाय की काय,’ म्हणून लोक हसत. उपांत्य सामन्यापर्यंत ते हसू बंद झालेलं असे. तिथं मात्र हार ठरलेली.

संध्याकाळी त्यांनी मुलींना सांगितलं, सोमवारपासून सराव नाही. का, ते कर्णधार भैरवीनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा पत्राचंही सांगावं लागलं. ती चेंडू काखेत मारून उभी राहिली.

“सर, पाच सेकंदांच्या वर चेंडू धरला की तुमी आमाला भाईर बसवता. अन् तुमी अकरा वर्षं धरून बसलाव व्हय?”

सरांचे कान तापले. पण त्या रागात घरी जाऊन त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं, आणि या खेपेला फाडलं नाही.

‘खुलासा: आमच्या मैदानावर चेंडू सरळ उसळत नाही. म्हणून मी मुलींना तो एकमेकींना द्यायला शिकवले. चषक आला नाही, हे खरे. तेहतीस वर्षांत एकही संघ सामना सोडून परतला नाही, हेही खरे. खांब काढायचा असल्यास दुपारी साडेचारला यावे. त्या वेळी सराव चालू असेल.’

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या शिवप्रसादनं पत्ता वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“आवं सर, संस्थेचं ऑफिस तुमच्या मैदानाला लागूनच हाय. जाता जाता दिऊन टाका की.”

“हातानं दिलेलं फायलीला लागत न्हाय,” सर म्हणाले. “पोचपावती लावा.”

शिवप्रसादनं पाकिटावर शिक्का आपटला. सरांनी पावतीची घडी करून शिट्टीच्या खिशात ठेवली. सव्वाचार झाले होते.