विचारून येणारा बाप

आर्नो ब्रुन्सने आजवर नऊ मुली सोडवल्या होत्या. एक बंदरावरच्या गोदामातून, दोन मालवाहू जहाजांतून, एक तर चक्क उडत्या हेलिकॉप्टरमधून. आणि हे सगळं बर्लिनमधल्या एका तळघरात, माइकसमोर उभं राहून, गळ्याला मफलर गुंडाळून आणि मधूनमधून कोमट पाणी पीत.

परदेशातला तो धिप्पाड नट जर्मनीत बोलतो तो आर्नोच्या आवाजात. आज बावीस वर्षं झाली. नट एक, आवाज एक, असा इथला रिवाजच आहे. उद्या दुसऱ्या कुणाचा आवाज लावला तर प्रेक्षक थिएटर डोक्यावर घेतील. आर्नोला याचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवलाही नाही. कशाला लपवावा? बेकरीत उभा राहून "चार पाव द्या" म्हणाला तरी रांगेतली माणसं मान वळवून बघायची, की आता इथे कुणाचं मुंडकं उडतंय.

लोक नाकं मुरडतात या सिनेमांना. गोष्ट ती काय? मुलीला पळवतात, बाप जातो, दिसेल त्याला बडवतो, मुलीला घेऊन येतो. शेंबड्या पोरालासुद्धा शेवट ठाऊक असतो. आर्नोचं म्हणणं वेगळं होतं. "शेवट ठाऊक असतो म्हणून तर बघतात," तो म्हणायचा. "घरी कुठे ठाऊक असतो?" ओल्डेनबुर्गच्या एका ट्रक ड्रायव्हरने त्याला पत्र लिहिलं होतं : माझी मुलगी महिन्यातून दोनदा भेटते, बाकीच्या दिवशी तुमचा सिनेमा लावून बसतो, कुणाच्या तरी बापाला पुढे काय करायचं ते माहीत आहे हे बघून बरं वाटतं. आर्नोने ते पत्र चारचौघांना वाचून दाखवलं होतं. किती समजून, किती रंगवून!

आणि स्वतःच्या घरी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आर्नोला एकच मुलगी, वीब्के. वय तेवीस. कीलला राहून नर्सिंग शिकत होती. आई नव्या नवऱ्याबरोबर स्पेनला. पाच आठवड्यांपूर्वी वीब्केचा मेसेज आला : सध्या वॉर्डवर जात नाहीये. बाकी ठीक. आर्नोने फोन केला, तिने उचलला नाही. मग त्याने लिहिलं, शनिवारी आलो तर चालेल का? ती म्हणाली, या शनिवारी नको. पुढच्या बुधवारी? नको, बघू. त्याच्या पुढच्या रविवारी? जमणार नाही रे. त्याने आणखी एकदा विचारलं, आणि चौथ्यांदा नकार आल्यावर लिहिलं, तुझ्या सोयीने कळव, मी आहेच.

यात त्याचं काही चुकतंय असं त्याला वाटलंच नाही. न विचारता कुणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय? सख्ख्या आईकडे केक खायला जायचं तरी आठ दिवस आधी ठरवून जायचं, ही का सांगायची गोष्ट आहे! अचानक बेल वाजली की माणूस आधी विचारतो, कोण मेलं म्हणून. शिवाय मुलगी मोठी झालेली, तिचं घर तिचं. आर्नो सभ्य बाप होता. पाच आठवडे तो सभ्यपणे झोपला नाही.

जूनमधल्या त्या सकाळी दहावी मुलगी सोडवायची होती. काम नेहमीचंच. सिनेमाचे चार-चार सेकंदांचे तुकडे करतात, एकेक तुकडा पडद्यावर येतो, नटाचे ओठ बघून आपण बोलायचं. समोर कुणी नसतं. मुलीला आवाज देणारी पोरगी मंगळवारी येऊन रडून गेलेली, बाप गुरुवारी येऊन तिला धीर देणार. नऊच्या नऊ मुलींना आवाज देणाऱ्यांपैकी एकही त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

आजचं वाक्य फोनवरचं होतं. मुलगी कुठल्याशा खोलीत कोंडलेली आणि बाप म्हणतो, "तिथेच थांब. मी येतोय." एवढंच. आर्नोने अशी वाक्यं झोपेत म्हटली असती. पण चौदा टेक झाले तरी काचेपलीकडून हेन्रिकेचं समाधान होईना.

हेन्रिके डबिंगची दिग्दर्शिका. चाळिशीतली, जिभेला हाड नसलेली.

"आर्नो, तू विचारतोयस," ती म्हणाली.

"काय विचारतोय? शब्द तेच आहेत."

"शब्द तेच आहेत रे. पण 'मी येतोय' म्हणताना सूर असा वर नेतोस, जसा काही दातांच्या डॉक्टरची वेळ मागतोयस. हा माणूस आत्ता तीन मुडदे पाडून आलाय बाबा!"

पंधरावा टेक झाला, सोळावा झाला. सतराव्याला आर्नोचा आवाज फाटला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तो हेडफोन काढून बाहेर आला आणि खुर्चीत बसला. हेन्रिकेने कॉफी पुढे केली, तेव्हा त्याने फोनच तिच्या हातात दिला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

तिने सगळे मेसेज वाचले, खालपासून वरपर्यंत आणि परत वरपासून खालपर्यंत.

"चार वेळा विचारलंस?"

"विचारायला नको? तिचं आयुष्य आहे."

"आणि चारही वेळा ती नको म्हणाली, आणि तू चारही वेळा बरं म्हणालास."

"मान ठेवला मी तिचा."

"मान ठेवलास! वा!" हेन्रिकेने पडद्याकडे हात केला. तिथे तो धिप्पाड नट तोंड उघडं ठेवून थांबलेला होता. "हा बघ, हा विचारतो का पोरीला? बाळ, गुरुवारी चारच्या सुमारास सोडवायला आलो तर तुला सोयीचं पडेल का?"

रेकॉर्डिंगवाला फिसकन हसला. आर्नोला हसू आलं नाही.

"सिनेमा आहे तो," तो म्हणाला.

"माहितीये मला सिनेमा आहे ते." हेन्रिकेचा आवाज खाली आला. "मी हाम्बुर्गला एकटी पडले होते ना, तेव्हा माझा बाप दर रविवारी फोन करायचा. येऊ का? मी म्हणायचे, नको. आणि फोन ठेवला की तासभर त्याच्यावर चरफडायचे, की हा माणूस ऐकतो कसा माझं! कधी सांगितलं नाही त्याला. आता सांगायला तो नाहीये."

आर्नो बसून राहिला.

"अजून बसलायस?" ती म्हणाली. "टेक उद्या होतील. हा कुठे पळून जात नाही."

दुपारच्या गाडीत बसला तेव्हा आर्नोला एकदम हलकं वाटलं. छाती दोन इंच फुगली म्हणा ना. हाम्बुर्गला गाडी बदलायची होती, ती अर्थातच पंचवीस मिनिटं उशिरा आली आणि अर्थातच कुणाला नवल वाटलं नाही. पण त्या पंचवीस मिनिटांत मन खायला लागलं. ती चिडली तर? दारातूनच परत पाठवलं तर? कुणी मित्र आलेला असला तर? कीलच्या अलीकडे, नॉयम्युन्स्टरच्या आसपास त्याने फोन काढून लिहिलं : गाडीत आहे, येतोय, चालेल ना? वाचलं, आणि स्वतःच्याच मूर्खपणावर चरफडत सगळं पुसून टाकलं. फोन त्याने बॅगेच्या तळाशी कोंबला. शत्रूच्या गोळीबारात शिरण्यापेक्षा ते अवघड होतं, खोटं कशाला सांगू.

साडेसहाला तो तिच्या इमारतीखाली होता. लख्ख ऊन. बेलांच्या पाटीवर तिचं नाव पाचव्या ओळीत. त्याने बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

"कोण?" भिंतीतल्या जाळीतून तिचा आवाज आला.

"पापा."

जाळीत खरखर झाली.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

"मग आलो."

दार कर्रकन उघडलं. चार जिने चढून तो वर पोचला तेव्हा त्याचा भाता हलत होता. वीब्के उंबऱ्यात उभी होती, मळक्या टी-शर्टात, केसांचा गुंता, डोळे आत गेलेले. जवळ गेला तर मागे सरकली. आणि आतून, तिच्या मागच्या खोलीतून, एक जाड, खर्जातला आवाज गरजला : "कुठे आहे ती? बोल!"

आर्नो दचकला. आवाज त्याचाच होता.

पलंगावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर धिप्पाड नट एकाला भिंतीवर आपटत होता.

"हे बघतेस तू?" त्याने विचारलं. "तुला तर हसू यायचं याचं."

"बघत नाही. डोळे मिटून ऐकते." तिने नाक पुसलं. "सगळे झाले. हा तिसऱ्यांदा चाललाय. पाच आठवडे तू इथेच आहेस, पापा. दुसऱ्यांच्या मुलींना सोडवतोयस."

मग जे येत होतं तेच तो बोलला. "कुणी त्रास दिलाय? कोण आहे? नाव सांग मला."

ती हसली, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली.

"कुणी नाही रे. तेच तर. एक आजोबा होते माझ्या वॉर्डात. पाणी मागितलं. मी आणायला गेले, ग्लास घेऊन आले तर ते गेलेले. बास. सगळे म्हणतात तुझी चूक नाही. कुणाचीच नाही. अरे, कुणाची तरी असती तर बरं झालं असतं! तुला नाव दिलं असतं, तू गेला असतास, हाडं मोडून आला असतास."

"गेलो असतो," आर्नो म्हणाला. आणि तो खरंच गेला असता.

तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. गुडघे कटकट वाजले.

"मला नको का म्हणालीस?"

"तू विचारलंस म्हणून!" ती ओरडलीच. "विचारलं की हो म्हणावं लागतं. हो म्हणायला अंगात बळ लागतं, पापा. तेवढं असतं तर मी कामावर नसते गेले? नको म्हणायला काही लागत नाही. झोपून म्हणता येतं."

आत धिप्पाड नट अजून बडवतच होता. आर्नो उठला, आत गेला आणि लॅपटॉप मिटला. एकदम शांत झालं. त्याच्यापुढे ना पडदा, ना लिहिलेलं वाक्य. तो स्वयंपाकघरात शिरला, दोन कपाटं उघडली, सिंकखालची पिशवी चाचपली.

"बटाटे आहेत," तो आतून म्हणाला. हा आवाज कुठल्याच सिनेमातला नव्हता. थोडा चिरका, दमलेला, जिने चढून आलेला. "ये इकडे, सोलायला लाग."

"आत्ता? मला भूक नाहीये."

"वीब्के," तो म्हणाला, "मी विचारत नाहीये."

ती भिंतीला हात टेकून उठली.