पगाराखालची ओळ

“कर कापायचा तर कापा, भाऊ. पण ते उत्पन्न म्हणून लिहू नका. मी सही न्हाई करायची.”

पुष्पाबाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि मांडीवरच्या तान्ह्या लेकीला, बेबीनंदाला, थोपटू लागल्या.

आष्टीच्या प्रशालेतले कारकून रामराव गोंधळले. मार्चच्या पगाराआधी प्रत्येक शिक्षकाचं वर्षाचं उत्पन्न मांडून त्यावर सही घ्यायची, ही त्यांची दरसालची रीत. बाईंचा पगार कराच्या मर्यादेला कधी शिवत नसे. यंदा मात्र सरकारी मदत आली होती. बाईंचे यजमान देवानंद दुष्काळी कामावर हजेरी घ्यायचे. कोरड्या श्रावणात तिथल्या खोदकामाची दरड कोसळली, त्यात ते गेले. मदतीची रक्कम प्रशालेच्या पत्त्यावर आली, रामरावांच्याच हातून बाईंना मिळाली. म्हणून त्यांनी ती पगाराखालीच धरली आणि बेरीज मर्यादेपलीकडं गेली.

“अहो बाई, सरकारचा पैसा तो. कुठंतरी दाखवावाच लागंल का न्हाई?”

“दाखवा ना! मी कुठं लपवून राह्यले? पण उत्पन्न म्हंजे कमाई. पोरं शिकवते, ती माझी कमाई. हे गेले, ही कमाई व्हय?”

शेजारच्या खुर्चीतले मुख्याध्यापक काकासाहेब हसले. “लोक कर चुकवायला भांडतेत, पुष्पाबाई. तुम्ही कर द्यायला राजी, अन् एका शब्दाला अडून बसल्या. बिलकुल उलटं काम तुमचं!”

“उलटं तर उलटं, सर.”

पोरगी कुरकुरली. बापानं तिला पाहिलंही नव्हतं. बाईंनी पदर सावरून तिला खांद्यावर घेतलं आणि घंटा झाली तशा वर्गावर गेल्या. फळ्यावर अक्षरं नेहमीसारखीच सरळ उमटली.

रामरावांना रात्री जेवण गेलं नाही. रविवारी पदरचं भाडं भरून ते जालन्याला एका करवकिलाच्या घरी पोचले.

“ही मयताच्या घरच्यांना दिलेली मदत,” वकील म्हणाले. “कामाचा मोबदला न्हाई. उत्पन्नात धरायचीच न्हाई ती. तुम्ही धरलीच कशी?”

रामराव कागदाची घडी घालून उठले. चहा तसाच निवला.

सोमवारी त्यांनी बाईंपुढं नवा कागद ठेवला. “चूक माझी झाली, बाई. त्या पैशावर कर बसतच न्हाई. अन् ती कमाई न्हाई. कायदाबी तुमच्यासारखंच म्हणतो.”

बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पगार होता, पगाराखाली ती ओळ नव्हती.

“तुम्ही यासाठी जालन्याला गेल्ते?”

“गेल्तो. पोरीचा हक्काचा पैसा उगं कशाला कापू द्यायचा, मंग?”

एरवी बाई झरकन सही करत. आज ‘पुष्पा’ लिहून त्या क्षणभर थांबल्या. मग मधलं ‘देवानंद’ लिहिलं. नव्या पोरांना वळण दाखवताना लिहावं तसं, एकेक अक्षर सुटं, सावकाश.

रामराव हात मागं बांधून उभे राहिले. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद उचलला नाही.